मोबाइलवर शिकणाऱ्या मुलांना एक कार्यशाळा द्या: बडोद्यातील मराठी मंडळांच्या विश्वस्तांस खुले पत्र

बडोद्यातील सर्व मराठी मंडळे, शिक्षणसंस्था आणि गणेशोत्सव मंडळे यांचे विश्वस्त व कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी डांडिया बाजारात राहतो. १९९३ साली रावपुऱ्यातील एका फ्रीज-दुरुस्तीच्या दुकानात हेल्पर म्हणून लागलो आणि तेव्हापासून फ्रीज, विंडो एसी, स्प्लिट एसी आणि दुकानांतले डीप फ्रीझर यांच्या दुरुस्तीवरच माझे घर चालले आहे. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे काम मागायला येणाऱ्या मुलांपैकी बरीच मुले आपल्या मराठी घरांतली आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये कुठल्या ना कुठल्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र असते. ‘एसी टेक्निशियन’, ‘एचव्हीएसी (हीटिंग, व्हेंटिलेशन, एअर कंडिशनिंग) फंडामेंटल्स’, ‘हीटिंग अँड कूलिंग’ अशी त्यांची नावे. कोणी आठ आठवडे शिकलेला असतो, कोणी बारा. या मुलांना पुढे कामावर सुरक्षितपणे उभे राहता यावे यासाठी आपल्या ताब्यातील सभागृहे आणि आवारे संध्याकाळच्या वेळी त्यांना सरावासाठी खुली करावीत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. विनंती छोटी असली, तरी तिच्यामागचे कारण नीट सांगावे लागेल, म्हणून पत्र लांबले आहे. ते सवडीने वाचावे.

प्रथम हे स्पष्ट करतो की मी ऑनलाइन शिक्षणाच्या विरोधात नाही. माझे स्वतःचे शिक्षण उलट्या दिशेने झाले आहे. उस्तादांनी मला हात दिले, पण कारणे दिली नाहीत, कारण ती त्यांनाही कोणी सांगितली नव्हती. नवीन एसी बसवताना पाइपातली हवा काढायची म्हणजे आउटडोरमधला थोडा गॅस सोडून ती बाहेर ढकलायची, असे मी अनेक वर्षे करत आलो. पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्युम पंप दुकानात होता, पण तो मोठ्या कामांसाठी ठेवलेला असे. पाइपात राहिलेली ओल कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार करते आणि ते आम्ल मोटरच्या वाइंडिंगवरचे आवरण हळूहळू खाते, हे मला नोकरीच्या विसाव्या वर्षी एका व्याख्यानाच्या व्हिडिओतून कळले. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी बसवलेली आणि तीन-चार वर्षांतच कॉम्प्रेसर गेलेली किती यंत्रे आठवली, ते सांगत नाही. सुपरहीट (वाफ झालेला गॅस उकळण्याच्या तापमानापेक्षा किती वर तापला) आणि सबकूलिंग (द्रव झालेला गॅस त्या तापमानाच्या किती खाली थंड झाला) या दोन गोष्टी समजल्यावर तर दाब दाखवणाऱ्या गेजवरच्या आकड्यांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. घरबसल्या, रात्री जेवण झाल्यावर, पुन्हा पुन्हा थांबवून पाहता येणाऱ्या त्या शिकवणीचे ऋण मी मानतो.

त्याच शिकवणीमुळे या धंद्यातली एक जुनी लबाडीही कमी होऊ शकते. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ ही समजूत आपल्या गावात घरोघरी आहे. खरे तर एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो एका बंद वर्तुळात फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, आउटडोरच्या कॉइलमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, एका अरुंद वाटेतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि इनडोअरच्या कॉइलमध्ये खोलीतली उष्णता शोषून त्याची पुन्हा वाफ होते. हे वर्तुळ अभंग असेल, तर गॅस वर्षानुवर्षे तितकाच राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून भरलेला गॅस पुन्हा आकाशात जाणार. आर-४१०ए या गॅसचा एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापमान वाढवण्याची क्षमता बाळगतो आणि दीड टनाच्या स्प्लिटमध्ये साधारण किलोच्या आसपास गॅस असतो. ज्या मुलाने हे वर्तुळ पडद्यावर रंगांसकट फिरताना पाहिले आहे, तो गिऱ्हाइकाला खोटे सांगताना निदान अडखळेल. माझ्याकडे पंधरा वर्षे असलेल्या कारागिरापेक्षा अशा मुलांना हा भाग अधिक स्वच्छ समजलेला असतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आता दुसरी बाजू. वाडीत राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा बारावीनंतर दोन वर्षे पार्सल पोहोचवण्याचे काम करत होता. त्याने रात्री जागून बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा केला. मला तो काका म्हणतो. प्रमाणपत्र घेऊन तो माझ्याकडे आला, तेव्हा माझ्याकडे जागा नव्हती. मी त्याला म्हटले, “दिवाळीपर्यंत थांब, तोवर माझ्याबरोबर नुसता फीर.” पण घरी गरज होती, तो थांबू शकला नाही आणि एका सर्व्हिस एजन्सीत लागला. चौथ्या दिवशी त्याला एकट्याला एक एसी उतरवायला पाठवण्यात आले.

एसी उतरवताना आधी ‘पंप डाऊन’ करतात. यंत्र कूलिंगवर चालू ठेवायचे, बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळा गॅस आउटडोरमध्ये ओढला गेला की जाड पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करून यंत्र थांबवायचे आणि मगच नट खोलायचे. हे त्या मुलाला तोंडपाठ होते. अभ्यासक्रमाच्या चाचणीत याच प्रश्नाचे उत्तर त्याने बरोबर दिले होते. त्या दिवशी बारीक व्हॉल्व्हची दांडी गंजून जाम झाली होती. अ‍ॅलन की फिरेनाशी झाली, तेव्हा त्याला वाटले, व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला. प्रत्यक्षात तो निम्मासुद्धा मिटलेला नव्हता. त्याला गेज दिलेले नव्हते. गेज लावले असते, तर जाड पाइपातला दाब उतरत नाही हे काट्याने सांगितले असते. त्याने अंदाजाने वेळ मोजली, यंत्र बंद केले आणि नट खोलला. आर-३२ हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशाच्या आसपास उकळतो. तो द्रवरूपात तळहातावर उडाला. कातडी पांढरी पडली, मग फोड आले आणि दीड महिना त्याला उजव्या हाताने घास उचलता आला नाही. त्याची आई मला म्हणाली, “भाऊजी, तो तर परीक्षेत पास झाला होता.” माझ्याकडे त्याला उत्तर नव्हते. त्या एजन्सीचे नाव मी इथे घेत नाही, कारण हा एकाच शेठचा दोष नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर माणसे कमी पडतात आणि प्रमाणपत्र असलेला मुलगा तयार आहे असे सगळेच धरून चालतात.

जाम झालेला व्हॉल्व्ह आणि बंद झालेला व्हॉल्व्ह यांतला फरक मनगटाला कळतो. तो पडद्यावर दाखवता येत नाही. तांब्याच्या पाइपाचे टोक फ्लेअर करताना, म्हणजे जोडासाठी फाकवताना, कडेला केसाएवढी चीर राहिली आहे की नाही, हे बोटाला कळते. त्या मुलाला मी पहिल्यांदा फ्लेअर करायला दिला, तेव्हा सहा वेळा बिघडला आणि सातव्यांदा जमला. हे सहा बिघाड गिऱ्हाइकाच्या घरी व्हायला नकोत, माझे म्हणणे एवढेच आहे. ब्रेझिंगचे, म्हणजे धातूची सळई वितळवून पाइप जोडण्याचेही तसेच. सळई ज्योतीने वितळवायची नसते, तापलेल्या पाइपाने ती वितळली पाहिजे आणि तो पाइप कोणत्या लालीला आला की सळई लावायची, हे डोळ्यांना चार-पाच दिवस सवय झाल्याखेरीज उमजत नाही. आत नायट्रोजन सोडल्याशिवाय ब्रेझिंग केले, तर पाइपाच्या आत काळी खपली धरते आणि ती पुढे जाऊन कॅपिलरीत, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या त्या अरुंद नळीत, अडकते. जुन्या आर-२२ च्या यंत्रात गॅस शिल्लक असताना ज्योत लावली, तर फॉस्जिनसारखा विषारी वायू तयार होतो. गळती तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन भरला, तर आतल्या तेलाशी त्याचा स्फोट होऊ शकतो. या सगळ्या गोष्टी चांगल्या अभ्यासक्रमांत सांगितलेल्या असतात. मुले त्या ऐकतात, वहीत लिहितात. पण घाम गळत असताना, गिऱ्हाईक मागे उभे असताना आणि सिलिंडर हातात असताना त्या आठवाव्यात, यासाठी त्या एकदा तरी कोणाच्या देखरेखीखाली स्वतः केलेल्या असाव्या लागतात.

विजेबद्दल वेगळे सांगतो, कारण तिथे चूक झाली, तर दीड महिन्यात भरून येत नाही. आजकाल बहुतेक एसी इन्व्हर्टरचे आहेत. त्यांच्या आउटडोरमधील पाटीवर (सर्किट बोर्डवर) २३० व्होल्टचा प्रवाह एकदिश होऊन सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जातो आणि स्विच बंद केल्यावरही काही मिनिटे तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. प्लग काढला, आता काय होणार, असे म्हणून पाटीला हात लावणारा मुलगा मी स्वतः मागे ओढला आहे. मल्टीमीटर लावून शून्य दिसल्याशिवाय हात न लावण्याची सवय ही माहिती नव्हे, ती शिस्त आहे आणि ती कोणी रागे भरल्याशिवाय लागत नाही.

ऑनलाइन मिळणारे बरेच अभ्यासक्रम अमेरिकेत तयार झालेले आहेत आणि ते तिथल्या गरजेसाठी योग्यही आहेत. तिथे बऱ्याच घरांत थंडीसाठी गॅसची भट्टी असते, म्हणून अभ्यासक्रमाचा मोठा भाग भट्टी पेटवणे, तिच्या धुराची वाट आणि हवा वाहून नेणाऱ्या डक्टवर खर्च होतो. बडोद्यात भट्टीचे काम करायला कोण बोलावणार? आपल्याकडे हीटिंग म्हणजे फार तर गरम-थंड स्प्लिटमधला, गॅसची दिशा उलटवणारा व्हॉल्व्ह किंवा एखाद्या हॉटेलातला पाणी तापवणारा हीट पंप. तिथली वीज १२० आणि २४० व्होल्ट, ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. तिथले मोजमाप फॅरनहाइटमध्ये, आपले सेल्सियसमध्ये. यंत्र विजेच्या मानाने किती थंडावा देते, याचा आकडा तिथे एसईईआर (२०२३ पासून एसईईआर२) असतो, आपल्या स्टार लेबलवर आयएसईईआर. मुले दोन्ही गोष्टी एकत्र पाठ करतात आणि कामावर गोंधळतात. ‘दीड टन’ हे एसीचे वजन आहे असे समजणारा प्रमाणपत्रधारक मुलगा मला भेटला आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खेचण्याची क्षमता म्हणजे एक टन, म्हणजेच ताशी १२,००० बीटीयू किंवा सुमारे साडेतीन किलोवॉट, हे त्याला चहा पिता पिता सांगितले आणि त्याचा चेहरा उजळला.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अमेरिकेत हा ऑनलाइन अभ्यास म्हणजे जिन्याची पहिली पायरी आहे. तिथे ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’च्या कलम ६०८ खाली १९९४ पासून गॅसचे वर्तुळ उघडणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यानंतर बहुतेक नवखे एखाद्या अनुभवी कारागिराच्या हाताखाली शिकाऊ म्हणून राबतात आणि मगच त्यांच्यावर एकट्याने काम सोपवले जाते. आपली मुले तीच पहिली पायरी चढतात आणि तिलाच संपूर्ण जिना समजतात, कारण पुढच्या पायऱ्या त्यांना कोणी दाखवलेल्या नसतात. आपल्याकडे घरगुती एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडे कोणी परवाना मागत नाही. म्हणून ही जबाबदारी कायद्यावर सोडून आपण स्वस्थ बसू शकत नाही.

आपल्यापैकी काहीजण विचारतील की आयटीआय असताना हा खटाटोप कशाला. ज्याला शक्य असेल, त्याने आयटीआयलाच जावे, असे मीही प्रत्येक पालकाला सांगतो. गोरवा आणि तरसाली येथे शासकीय आयटीआय आहेत. रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा आयटीआयचा अभ्यासक्रम दहावीनंतर दोन वर्षांचा आहे आणि त्याला मोबाइलवरचा कोणताही अभ्यासक्रम पर्याय होऊ शकत नाही. केंद्राच्या ‘भारत स्किल्स’ या संकेतस्थळावर आयटीआयचे अभ्यासक्रम आणि प्रश्नसंच विनामूल्य मिळतात, त्यामुळे परदेशी अभ्यासक्रमाला पैसे भरण्याआधी मुलांनी ते पाहावेत. पण मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे, ती मुले दिवसा कुठेतरी नोकरी करतात. कोणाचे वडील आजारी असतात, कोणाचे वय बावीस-तेवीस झालेले असते, कोणाला दोन वर्षे बिनपगारी बसणे परवडत नाही. त्यांनी मोबाइल निवडला, कारण त्यांना तेवढेच दार उघडे दिसले. त्यांच्या चिकाटीला कमी लेखू नये. दिवसभर दुचाकीवर उन्हात फिरून रात्री अकरा वाजता इंग्रजी व्याख्यान ऐकणारा, न कळलेला शब्द शोधून वहीत लिहिणारा मुलगा आळशी नाही.

भाषेचा मुद्दाही यात आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती किंवा इंग्रजीतून शिकतात, अभ्यासक्रम इंग्रजी किंवा हिंदीतून ऐकतात आणि कामावर या सगळ्यांची मिसळ चालते. न कळलेली गोष्ट विचारायला त्यांना माणूस मिळत नाही. पडद्यावरच्या शिक्षकाला ‘सर, हे परत सांगा’ म्हणता येते, पण तो तेच शब्द पुन्हा म्हणतो, दुसऱ्या शब्दांत सांगत नाही. माझ्यासारखी माणसे ते काम करू शकतात. एव्हॅपोरेटर, म्हणजे इनडोअरची कॉइल, ही माठाच्या ओल्या पृष्ठभागासारखी आणि उन्हातून आल्यावर माठातले पाणी थंड का लागते, इथून सुरुवात केली, तर सुपरहीटपर्यंत पोहोचायला दोन संध्याकाळी पुरतात.

हे शहर या बाबतीत मागासलेले कधीच नव्हते. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन स्थापन केले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा आग्रह होता की धंद्याचे शिक्षण मातृभाषेतून आणि प्रत्यक्ष कामातून मिळाले पाहिजे. सुतारकाम, रंगकाम, यंत्रकाम शिकायला तिथे कार्यशाळा होत्या. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आज ती वास्तू महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेकडे आहे. १९१४ साली याच शहरात महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय सुरू झाले, तेव्हा बायकांनी हुन्नर शिकून चार पैसे मिळवावेत ही कल्पनाच अनेकांना रुचत नव्हती. आपण या परंपरेचा उल्लेख दर जयंतीला करतो. २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, तेव्हा याच मंडळांच्या कार्यकर्त्यांनी हजारो पाहुण्यांची सोय केली होती. त्यामुळे मनुष्यबळ नाही किंवा अनुभव नाही, असे कोणी म्हणू नये. मंडळाचे काम साहित्य आणि संस्कृतीपुरते आहे, असे ज्यांना वाटते त्यांना मी नम्रपणे विचारतो की ज्या घरातल्या मुलाची कमाई बंद पडली, त्या घरातून दिवाळी अंकाची वर्गणी कुठून येणार?

माझी योजना अशी आहे. मार्चपासून ऑगस्टपर्यंत आम्हा मंडळींना श्वास घ्यायला वेळ नसतो, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी काम मंद असते. या चार महिन्यांत आठवड्यातून तीन संध्याकाळी, सात ते नऊ, एक सभागृह आणि त्याला लागून असलेले मोकळे आवार मिळावे. अभ्यास मुलांनी आपापल्या मोबाइलवर करून यावा, इथे फक्त शंका आणि हातकाम व्हावे. लोखंडी चौकटीवर, जमिनीच्या पातळीवर, दोन जुनी स्प्लिट यंत्रे बसवू, एक साधे आणि एक इन्व्हर्टरचे. पहिले दोन महिने गॅसला हातही लावायचा नाही. पाइप कापणे, वाकवणे, फ्लेअर करणे, नट टॉर्क पान्याने ठराविक ताकदीने आवळणे, नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने गळती शोधणे, व्हॅक्युम ५०० मायक्रॉनखाली (मायक्रॉन हे अतिशय कमी दाबाचे माप) नेऊन पंप बंद केल्यावर तो टिकतो की नाही हे पाहणे, एवढे जरी पक्के झाले तरी निम्मा धंदा आला. पुढच्या दोन महिन्यांत पंप डाऊन, वजनकाट्यावर मोजून गॅस भरणे आणि जुना गॅस हवेत न सोडता रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये ओढून घेणे. ब्रेझिंग फक्त उघड्या आवारात, अग्निशामक सिलिंडर शेजारी ठेवून. आर-३२ मंद ज्वलनशील आहे आणि काही नव्या यंत्रांत येणारा आर-२९०, म्हणजे प्रोपेन, तर स्वयंपाकाच्या गॅसइतकाच पेट घेणारा आहे. म्हणून तळघरातली जागा कृपया देऊ करू नये.

उंचीवरच्या कामाचाही सराव तिथेच व्हावा. आउटडोर युनिट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या बाहेर लटकवलेले असते आणि मुले एक पाय खिडकीच्या चौकटीत अडकवून काम करतात. सेफ्टी बेल्ट कुठे अडकवायचा, तो कोणत्या आधाराला अडकवायचा नाही आणि आधारच नसेल, तर काम न करता परत कसे यायचे, हे त्यांना शिकवले पाहिजे. ‘मी हे काम असे करणार नाही’ हे वाक्य शेठसमोर आणि गिऱ्हाइकासमोर उच्चारण्याचे धैर्य एकट्या मुलाला येत नाही. आपल्यामागे चार मोठी माणसे आणि एक संस्था उभी आहे, हे माहीत असले म्हणजे येते.

मुलींसाठी वेगळा वार ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. दुपारच्या वेळी घरी एकट्या असलेल्या बाईला एसी दुरुस्तीसाठी मुलगी आली तर किती बरे वाटेल, हे मी अनेक घरांतून ऐकले आहे. आईवडील मुलीला अनोळखी दुकानात पाठवायला कचरतात, मंडळाच्या सभागृहात मात्र निःशंकपणे पाठवतील. सेन्सर, पाटी आणि मीटर यांची कामे आता वाढत चालली आहेत आणि त्यांत बळापेक्षा बारकावा लागतो.

पुढचा काळ या धंद्याला अनुकूल आहे, पण अर्धवट शिकलेल्यांना नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या भारताच्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले होते. ओझोनच्या थराचे रक्षण करण्यासाठीच्या मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानुसार आर-२२ चा वापर २०३० पर्यंत जवळजवळ संपवायचा आहे. त्याच कराराच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ साली मान्यता दिली असून त्यानुसार आर-४१०ए आणि आर-३२ ज्यांत मोडतात, त्या वायूंच्या वापरावर २०२८ पासून मर्यादा येणार आहे. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या मुलाला निवृत्त होईपर्यंत आणखी किमान दोन-तीन प्रकारचे गॅस, वेगवेगळे दाब आणि वेगवेगळे धोके शिकावे लागतील. आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या सुमारे १.६ पट असतो आणि जुने गेज, जुनी नळी तशीच वापरल्याने ती फाटल्याचे मी पाहिले आहे. प्रत्येक बदलाच्या वेळी माहिती ऑनलाइनच आधी पोहोचेल, हे उघड आहे. ती पडताळून पाहायला शहरात एक जागा असली पाहिजे.

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे कारखाने किंवा सर्व्हिसचे ठेके आहेत, असे काही सदस्य आपल्या मंडळांत आहेत. त्यांना वेगळी विनंती आहे. अशा मुलाला कामावर घेतल्यावर पहिले तीन महिने एकट्याला पाठवू नये. त्याच्या हातात स्वतःचे गेज, वायर न तोडता प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर, हातमोजे आणि चष्मा द्यावा. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा याच कामासाठी आहे, त्याचा उपयोग करावा.

पालकांना मुलांच्या वतीने एवढेच सांगावे की फी भरण्यापूर्वी तीन-चार गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रात्यक्षिक परीक्षा आहे का आणि ती कोण घेते, प्रमाणपत्र राष्ट्रीय कौशल्य चौकटीतल्या कोणत्या कामाशी जोडलेले आहे, शिकवणी आपल्या विजेवर आणि आपल्या यंत्रांवर आधारलेली आहे का. नोकरीची शंभर टक्के हमी देणाऱ्या जाहिरातीपासून दूर राहावे. हे सांगायला मी कोणत्याही मंडळाच्या पालकसभेत यायला तयार आहे.

माझ्याकडून मी इतके देऊ शकतो. एक जुने दीड टनाचे चालू स्प्लिट यंत्र, एक व्हॅक्युम पंप, दोन गेज संच आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी. रावपुरा आणि बाबाजीपुऱ्यातील माझ्या बरोबरीच्या दोन कारागिरांनीही प्रत्येकी एक संध्याकाळ कबूल केली आहे. आम्ही कोणी मानधन घेणार नाही. नायट्रोजन, तांब्याचा पाइप, सळया, वजनकाटा आणि रिकव्हरी यंत्र यांचा खर्च मंडळाने उचलावा. नावनोंदणी मंडळाच्या वहीत व्हावी आणि मुलांकडून नाममात्र वर्गणी घ्यावी, म्हणजे ती नियमित येतील. पहिल्या वर्षी बारापेक्षा जास्त मुले घेऊ नयेत, कारण एका यंत्राभोवती सहाच जण नीट उभे राहू शकतात. वाडीतला तो मुलगा आता बरा आहे, माझ्याकडेच काम शिकतो आहे आणि मुलांना पंप डाऊन शिकवताना पहिला व्हॉल्व्ह मीच फिरवून दाखवणार, असे त्याने मला बजावले आहे.

ज्या मंडळाला हे पटेल, त्यांनी दसऱ्यापर्यंत कळवावे, म्हणजे चौकटी तयार करायला महिना मिळेल. तोवर सभागृहात १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन आहे का, अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत गेलेले आहे का आणि वीज गळली तर लाइन तोडणारा ईएलसीबी बसवलेला आहे का, हे एखाद्या परवानाधारक वायरमनकडून पाहून ठेवावे. नसेल, तर ते काम आधी करावे लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
डांडिया बाजारातील एक एसी कारागीर
बडोदे